न्यूव्ह शापेलच्या शेतातील पितळ

गेल्या कार्तिकात आमचे सहकुटुंब फ्रान्स देशी जाणे झाले. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त चार वर्षांपासून लील शहरी बिऱ्हाड करून राहिला आहे, आणि 'काका, काकूंना घेऊन एकदा तरी या' हा त्याचा आग्रह मोडणे अखेर आम्हांस अशक्य झाले. पॅरिस येथील लोखंडी मनोरा आणि तेथील चित्रसंग्रह यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ती पुन्हा लिहून पाने भरविण्याचा आमचा मानस नाही. लिहावयाचे आहे ते एका दिवसाविषयी, आणि लीलपासून २०-२५ किलोमीटरांवर असलेल्या न्यूव्ह शापेल नावाच्या एका लहानशा खेड्याविषयी. हे खेडे प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. आमच्या यादीत ते आले, त्यास कारण खडकीच्या एक आजीबाई होत.

खडकीच्या त्या घराशी आमच्या घराचा तीन पिढ्यांचा घरोबा आहे. पुणे सोडण्यापूर्वी निरोप घ्यावयास गेलो, तेव्हा आजीबाईंनी आम्हां उभयतांस आतल्या खोलीत नेले. देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून एक वाटोळी, काशासारख्या धातूची तबकडी ठेवली होती. तिच्यावर त्रिशूळ धरलेली एक स्त्री व तिच्यापुढे सिंह अशी आकृती, आणि बाजूस एका चौकटीत इंग्रजी अक्षरांत एक नाव. स्त्रीच्या कपाळी हळदकुंकू लावलेले होते. सिंह आणि त्रिशूळ पाहून घरातील बायकांनी तिला देवीच मानले, यात नवल ते काय? वस्तुतः ती ब्रिटानिया, म्हणजे इंग्रजांची राष्ट्रदेवता. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात जे शिपाई कामास आले त्यांच्या वारसांना इंग्रज सरकारने अशा तेराएक लक्ष तबकड्या पाठविल्या होत्या. मरणात सर्व समान, या विचाराने त्यांवर केवळ नाव घातले. हुद्दा नाही, पलटण नाही, ठिकाणही नाही.

"माझ्या यजमानांचे आजोबा," आजीबाई म्हणाल्या. "सफरमैनेत होते. इथूनच गेले. आजेसासूबाईंना मी पाहिलंय ना. म्हातारपणी दृष्टी गेली, तरी या तबकडीवरून हात फिरवायच्या आणि एकच विचारायच्या, 'ते पडले तरी कुठं?' त्यांना सांगणारं कुणी भेटलं नाही. तुम्ही तिकडं निघालाय, भाऊ, तर एवढं बघून या."

सफरमैना म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स, हे वाचकांस ठाऊक असेलच. पूल बांधणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे हे त्यांचे काम; आणि त्यांच्या तिसऱ्या दलाचे ठाणे खडकीस होते. आम्ही 'पाहतो' म्हणून सांगितले खरे. परंतु नाव आणि सफरमैना एवढ्या दोन शब्दांवर शंभर वर्षांपूर्वीचा मनुष्य कसा शोधावयाचा, याची चिंता विमानात बसेपर्यंत आमच्या मनातून गेली नाही.

लीलहून मोटारीने निघालो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. हा सगळा मुलूख लीस नदीच्या काठचा, तळहातासारखा सपाट. डोंगर तर नाहीच, पण नावाला टेकडीही क्वचित. शेतांतून साखरेचे बीट काढण्याचे काम चालले होते, आणि रस्त्याच्या कडेस बिटांचे माणसाच्या उंचीचे ढीग लागले होते. जमीन काळसर, चिकण; पाणी इतके वर की हातभर खणले तरी खड्डा भरावा. म्हणूनच युद्धात येथे खोल खंदक खणणे जमले नाही, आणि वाळूच्या गोण्यांचे उंच बांध रचून त्यांच्या आड शिपायांना राहावे लागले. अशा चिखलात आमचे लोक १९१४ च्या ऑक्टोबरात येऊन उभे राहिले. त्यांची पहिली तुकडी सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरली होती, आणि अंगावर पुष्कळांच्या उन्हाळी सुती कपडे होते. खाकी हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे माती यावरून आला. ती माती आमच्याकडची, कोरडी व धुळीची. येथल्या काळ्या चिखलाशी तिचा रंगदेखील जुळत नव्हता.

पुतण्याने एका निवृत्त मास्तरांशी आधी पत्रव्यवहार केला होता. ते शेजारच्या गावी इतिहास शिकवीत असत. सत्तरीचे, उंच, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि बोलणे फार जपून. आम्हांस फ्रेंच येत नाही व त्यांस इंग्रजी बेताचे. तेव्हा मध्ये पुतण्या दुभाषा. त्यांनी प्रथम आम्हांस गावाबाहेरच्या चौरस्त्यावर नेले. याच चौरस्त्यास इंग्रज शिपाई पोर्ट आर्थर म्हणत. तेथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे.

वाटोळे आवार, त्याच्या मागल्या अर्धभागात उंच भिंत, पुढल्या बाजूस दगडी जाळी, आणि मधोमध सुमारे १५ मीटर उंचीचा, अशोकस्तंभाची आठवण करून देणारा स्तंभ. त्याच्या माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन कोरीव वाघ. सर हर्बर्ट बेकर यांनी याचा आराखडा केला, व ७ ऑक्टोबर १९२७ रोजी मार्शल फॉश यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. ईश्वर एकच आहे व विजय त्याचाच, अशा अर्थाची वचने स्तंभावर इंग्रजीबरोबरच अरबी, हिंदी व गुरुमुखी लिपींत कोरली आहेत. परदेशी पावसात भिजलेली नागरी अक्षरे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले.

भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे आहेत, आणि ती सर्व अशांची की ज्यांचा देह सापडला नाही, अथवा सापडून ओळखता आला नाही. नावे पलटणीप्रमाणे लावली आहेत, एवढा मोठा आधार. सफरमैनेच्या तिसऱ्या दलाचा भाग मिळाला. आमच्या नातवाने बोट फिरवीत नाव शोधून काढले, आणि दुसऱ्याच क्षणी तो म्हणाला, "आजोबा, पण हे दोनदा आहे!"

खरेच तसे होते. इंग्रज कारकुनाने कानी पडेल तसे लिहिलेले नाव, आडनावाचा पत्ता नाही. आणि तेच नाव दोन वेळा. आता यांपैकी खडकीचे कोणते? मास्तरांनी भिंतीतल्या कोनाड्याचे लहानसे दार उघडून आतली नोंदवही काढली. युद्धसमाध्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाची ही वही. तीत काही शिपायांपुढे बापाचे नाव, गाव व जिल्हाही दिलेला असतो. पहिल्या नावापुढे काहीच नव्हते. दुसऱ्यापुढे बापाचे नाव, सातारा जिल्ह्यातले गाव, पत्नीचे नाव आणि मरणाची तारीख, २८ ऑक्टोबर १९१४, असे सगळे होते. पत्नीचे नाव आम्ही दोनदा वाचले. दृष्टी गेलेल्या ज्या बाईने तबकडीवरून हात फिरवीत जन्म काढला, तिचे नाव सातासमुद्रांपलीकडील एका कोनाड्यात इतकी वर्षे छापलेले पडून होते, आणि तिला त्याची वार्ताही नव्हती.

त्या दिवशी काय झाले, ते मास्तरांनी सांगितले. गाव आदल्या दिवशी जर्मनांनी घेतले होते. ते परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर सफरमैनेच्या २० व्या व २१ व्या कंपन्या पाठविल्या. हे कारागीर लोक. पण त्या सकाळी त्यांच्या हाती कुदळीऐवजी संगिनी होत्या. मोकळे शेत ओलांडून ते गावात शिरले व घराघरांतून झुंजले. परंतु मागून मदत आली नाही आणि जे उरले त्यांस माघार घ्यावी लागली. त्यांचे बहुतेक सारे अधिकारी पडले वा जखमी झाले. गाव परत हाती आले ते पुढे १० मार्च १९१५ च्या मोठ्या लढाईत. पहाटेनंतर ३५ मिनिटे तोफांचा भडिमार करून हिंदी व इंग्रज पलटणी पुढे गेल्या. त्या तीन-चार दिवसांत केवळ हिंदी कोअरचेच सुमारे ४,२०० लोक मेले, जखमी झाले वा हरवले. मधल्या चार-साडेचार महिन्यांत २८ ऑक्टोबरचे मृत शत्रूच्या हद्दीत होते. म्हणूनच त्यांना समाधी नाही, केवळ भिंत आहे.

"म्हणजे ते येथेच कोठेतरी आहेत?" आम्ही विचारले.

मास्तरांनी शेतांकडे हात केला. "असतील. पण सापडले तर कोण आहेत ते कसे ओळखाल? चला, तुम्हांस दाखवितो."

त्यांच्या घराच्या पडवीत एक लांब टेबल होते. त्यावर सपाट खोक्यांत, कापसावर, नांगरात वर आलेल्या वस्तू मांडल्या होत्या: गुंड्या, बक्कला, टोपीवरील व खांद्यावरील बिल्ले. गावच्या शाळेसाठी दोन पिढ्यांनी त्या जपल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली शेताचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी होती. बहुतेकांवर हिरवे जंगाल चढलेले. सौभाग्यवतींस राहवेना. त्या म्हणाल्या, "थोडी चिंच असती तर मी ही सगळी सोन्यासारखी लखलखीत करून दिली असती." पुतण्याने भाषांतर करताच मास्तरांनी दोन्ही हात खोक्यांवर आडवे धरले. आम्हांस हसू आले. पण त्यांचे कारण ऐकून ते मावळले. लोकर व सूत मातीत कुजून जातात. मात्र तांब्यापितळेला चिकटून असलेले धागे त्या जंगालामुळेच टिकतात, कारण तांब्याचा क्षार कुजविणाऱ्या जंतूंस मारक असतो. एखाद्या गुंडीमागील चार धागे हा कोटाच्या कापडाचा शेवटचा पुरावा असू शकतो. शिवाय घासल्याने बारीक अक्षरांच्या कडा झिजतात त्या निराळ्याच.

मग मास्तरांनी आम्हांस या वस्तू वाचावयास शिकविले. वाचणे हाच शब्द योग्य होय. कारण प्रत्येक खूण म्हणजे एक अक्षर, आणि ती जुळविल्याखेरीज शब्द होत नाही.

पहिली गोष्ट मुकुटाची. ब्रिटिश बिल्ल्यावर बहुधा राजमुकुट असतो, आणि त्याची घडण राजाबरोबर बदलते. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट एका तऱ्हेचा. १९०१ साली ती वारल्यानंतर आलेला राजांचा मुकुट गोल घुमटासारख्या कमानींचा. आणि एलिझाबेथ राणीच्या काळी, १९५३ च्या सुमारास आलेल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खोलगट दबलेल्या. तेव्हा घुमटाकार मुकुट दिसला की तो १९०१ नंतरचा व एलिझाबेथच्या आधीचा, असा साधा नियम. "आता नियमाला फाटा फुटला," मास्तर म्हणाले. कारण २०२२ साली गादीवर आलेल्या चार्ल्स राजांनी पुन्हा घुमटाकार मुकुटच पसंत केला. पुढे शंभर वर्षांनी शोधणाऱ्यास केवळ मुकुटावर भिस्त ठेवता येणार नाही.

दुसरी गोष्ट पाठीची. आपण वस्तू पुढून पाहतो. जाणता ती उलटून पाहतो. गुंडीच्या पाठीवर कारखानदाराचे नाव व शहर, बहुधा लंडन किंवा बर्मिंगहॅम, ठोकलेले असते. कारखान्यांची नावे व पत्ते काळपरत्वे बदलले, आणि त्यांवरून गुंडी केव्हाची ते ठरविता येते. पुढली बाजू पुष्कळदा निरुपयोगी असते. कारण १८७१ पासून बहुतेक साध्या ब्रिटिश शिपायांच्या गुंड्यांवर पलटणीच्या खुणेऐवजी एकच सरकारी राजचिन्ह येऊ लागले. त्यापूर्वीच्या गुंडीवर पलटणीचा आकडा असे व ती तत्काळ बोले. नंतरची गुंडी 'मी सरकारची' एवढेच सांगते. रायफल पलटणींच्या गुंड्या मात्र काळ्या असत, उन्हात चमकून शत्रूस ठिकाण कळू नये म्हणून.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि ती आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष जवळची आहे. १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी हिंदी फौजेच्या सर्व पायदळ पलटणींना एका ओळीत नवे आकडे दिले. तोवर मुंबई, मद्रास व बंगाल या फौजांत आकडे वेगवेगळे असल्यामुळे एकच आकडा तीन ठिकाणी सापडे. बंगालच्या पलटणींचे आकडे बहुतेक तसेच राहिले; मद्रासच्या आकड्यांत साठ मिळविले, आणि आपल्या मुंबईच्या आकड्यांत शंभर. मुंबईची तिसरी ती १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, सातवी १०७ वी पायोनियर झाली, पंचविसावी १२५ वी नेपियर रायफल्स. पुढे १९२२ साली हे आकडेही गेले, व १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बनली. तेव्हा मातीतून '१०७' वर आले, तर ते १९०३ च्या आधीचे नव्हे आणि १९२२ नंतरचेही नव्हे, हे सहज कळते. त्यातून ते न्यूव्ह शापेलच्या शेतात मिळाले असेल तर काळ आणखी आवळता येतो. कारण हिंदी पायदळ या आघाडीवर १९१४ च्या ऑक्टोबरात आले व १९१५ संपता संपता मेसोपोटेमियाकडे निघून गेले. एका आकड्याने सव्वा वर्षाच्या आत आणून सोडले!

चौथी गोष्ट शत्रूची. जर्मन कमरपट्ट्याची एक बक्कल मास्तरांनी आमच्या हाती दिली. तिच्यावर मुकुट व भोवती 'देव आमच्यासवे' अशा अर्थाचे जर्मन शब्द. ही प्रशियाची, बव्हेरियाच्या बक्कलेवर मुकुट निराळा व बोधवाक्य निराळे. पितळी बक्कल युद्धाच्या आरंभीची. १९१५ पासून पितळेची टंचाई झाली व बक्कला पोलादी होऊ लागल्या. तासाभरापूर्वीच स्मारकावरचे वचन वाचले होते, त्यामुळे ती बक्कल आम्ही जरा लवकरच खाली ठेवली.

"पण या सर्वांहून मोठी गोष्ट पाचवी," मास्तर म्हणाले. "ती खोक्यात नसते. वस्तू कोठे व कशी पडली होती, ती." शिपाई हे मोठे संग्राहक. शत्रूची गुंडी, मित्राचा बिल्ला, सापडेल ते खिशात घालीत. तेव्हा एक बिल्ला मिळाला म्हणून तो त्याच माणसाचा ठरत नाही. परंतु दोन खांद्यांच्या हाडांजवळ दोन सारखे बिल्ले मिळाले, तर ते अंगावर होते यात संशय नाही. तोच बिल्ला एकटा कमरेजवळ मिळाला तर तो खिशातला. कोणी हौशी माणसाने रात्री यंत्र लावून दोन्ही उकरून नेले, तर पितळ त्याच्या कपाटात जाते आणि माणूस कायमचा अनामिक होतो. फ्रान्समध्ये परवान्यावाचून असे यंत्र घेऊन जुन्या वस्तू धुंडाळणे कायद्याने मना आहे. शिवाय न फुटलेले तोफगोळे अद्यापि दर नांगरणीस वर येतात, ते वेगळेच भय.

आम्ही विचारले, "शिपायाच्या गळ्यात नावाची चकती असते ना?" उत्तर ऐकून वाईट वाटले. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश फौजेत चकती एकच असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी ती काढून नेत, आणि मग देहापाशी नाव उरत नसे. एक न्यावयाची व एक देहावर ठेवावयाची, अशा दोन चकत्या १९१६ च्या उत्तरार्धात सुरू झाल्या. पण त्या दाबलेल्या तंतूंच्या असल्यामुळे ओल्या मातीत पुष्कळदा कुजून जातात. शेवटी राहते ते पितळ.

दुपारी मास्तर आम्हांस गावापलीकडच्या ओढ्याकाठी, बीट काढून झालेल्या शेताच्या बांधावरून घेऊन चालले. २८ ऑक्टोबरचे लोक याच बाजूच्या घरांतून मागे फिरले असावेत, असे ते म्हणाले. एवढ्यात पुढे गेलेला नातू खाली वाकला. त्याच्या हाती बोटभर लांबीची, किंचित वाकलेली, चिखलाने माखलेली एक पट्टी होती. आमचे काळीज धडधडले, हे कबूल केले पाहिजे. शहाणपणाचे सारे धडे ऐकूनही, ही सफरमैनेचीच असावी असे आमच्या मनाने तत्काळ ठरवून टाकले होते, आणि खडकीच्या देव्हाऱ्यापाशी ती ठेवल्याचे चित्रही डोळ्यांपुढे आले.

मास्तरांनी ती घासली नाही. बाटलीतले थोडे पाणी ओतून चिखल जाऊ दिला. वर इंग्रजी 'टी', त्याखाली ४ हा आकडा, आणि त्याखाली वाकलेल्या ओळीतील शेवटची अक्षरे दिसली. त्यांनी ती वाचली: सीफोर्थ. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातली पलटण. 'टी' म्हणजे टेरिटोरियल, अर्थात घरधंदा सांभाळून कवायत शिकणारे हौशी सैनिक. ही व्यवस्था १९०८ सालची, म्हणून बिल्ला त्यानंतरचा. ४ म्हणजे त्या पलटणीची चौथी बटालियन. ही बटालियन १९१४ च्या अखेरीस आली व वर्षभर हिंदी फौजेच्याच डेहराडून ब्रिगेडमध्ये होती. तिच्या एका बाजूस गुरखे असत, दुसऱ्या बाजूस जाट.

नातवाचा चेहरा उतरला. आमचाही उतरला असावा. कारण मास्तरांनी पुतण्याकडे वळून हळू आवाजात काही सांगितले, आणि पुतण्याने ते आम्हांस सांगताना मान खाली घातली. "ते म्हणतात, काका, की त्याच्याही घरी कोणी विचारीत असेल."

आम्हांस लाज वाटली. आजीबाईंच्या आजेसासूसारखी एखादी म्हातारी स्कॉटलंडच्या कुठल्या खेड्यात होऊन गेली असेल, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. नातवाने विचारले, "मी उचलली हे चुकले का?" मास्तर म्हणाले, "वर पडलेली होती, नांगराने फिरविलेली होती, चुकले नाही. पण नेमकी कोठे पडली होती ते आता तूच मला दाखव." मुलाने जागा दाखविली. मास्तरांनी तेथे काठी रोवली, अंतर मोजून वहीत लिहिले, आणि गावच्या नगरपालकांच्या कचेरीस दूरध्वनीवरून कळविले. पट्टी त्यांनी कागदात गुंडाळून त्या कचेरीसाठी ठेवली. नातवाने एकदा आमच्याकडे पाहिले, आणि काही मागितले नाही. पुढे महिन्याभराने मास्तरांचे पत्र आले. जागा तपासली, पट्टीखेरीज तेथे काही निघाले नाही.

परतताना मास्तर आम्हांस लाव्हांती गावच्या लष्करी दफनभूमीत घेऊन गेले. २०१६ साली जवळच्या रिशबूर गावापाशी खोदकाम चालू असता शिपायांचे अवशेष निघाले. त्यांतील दोघांच्या खांद्यावरच्या चिन्हांत ३९ हा आकडा होता. वर सांगितलेल्या रीतीने तो वाचला असता, १९२२ च्या आधीचा ३९ आणि या मुलखातला, म्हणजे ३९ वी गढवाल रायफल्स, काळ १९१४-१५, असे निश्चित झाले. याच पलटणीच्या दरवानसिंग नेगी व गब्बरसिंग नेगी यांस या परिसरातील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. गब्बरसिंग तर १० मार्च १९१५ रोजी न्यूव्ह शापेललाच पडले. १२ नोव्हेंबर २०१७ रोजी त्या दोघा अनामिक गढवालींस लाव्हांतीत लष्करी इतमामाने विसावा मिळाला, आणि त्यांच्या पलटणीचे लोक त्यासाठी भारतातून आले होते. त्यांची नावे मात्र कोणासही सांगता आली नाहीत. कदाचित ती न्यूव्ह शापेलच्या भिंतीवर असतील.

त्या दोन समाध्यांपाशी उभे असता दिवसभर पाहिलेले सारे आमच्या मनात एकत्र आले. खडकीच्या तबकडीवर नाव आहे, पलटण नाही; येथे मातीत पलटण आहे, नाव नाही. भिंतीवर नावे आहेत, त्यांना देह नाहीत. मातीत देह आहेत, त्यांना नावे नाहीत. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बोटभर पितळ आणि ते जेथे पडले ती जागा. पितळ तेथून हलविले की दुवा तुटला. मघाशी बांधावर आम्ही मनातल्या मनात तोच तोडावयास निघालो होतो, आणि तोही एका म्हातारीच्या समाधानासाठी!

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा स्मारकाकडे गेलो. भिंतीवरच्या नावावर पातळ कागद धरून नातवाने वरून पेन्सिल हलकेच घासली, व अक्षरे कागदावर उतरली. नोंदवहीतला मजकूर आम्ही स्वच्छ अक्षरात उतरून घेतला.

पुण्यास परतल्यावर खडकीस गेलो. आजीबाईंस तो कागद दिला, गावाचे नाव व तारीख सांगितली, आणि नोंदवहीत त्यांच्या आजेसासूबाईंचे नाव छापले आहे हेही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिथली चिमूटभर माती आणलीत का?" परदेशची माती आणण्यास सरकारी मनाई असते, असे आम्ही चाचरत सांगितले, आणि मग बांधावर सापडलेल्या पट्टीची हकिकतही सांगितली, आमच्या मनात काय आले होते तेही न लपविता.

आजीबाई म्हणाल्या, "बरं केलंत. ते तिथंच आहेत, तर माती तिथंच असू दे. त्या दुसऱ्या पोराचंही तिथंच असू दे." मग त्यांनी कागदाची घडी न करता तो तबकडीमागे भिंतीशी उभा केला.

जाता जाता वाचकांस एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, एखादा बिल्ला, गुंडी वा पदक पडलेले असेल. ते चिंचेने घासू नका. कोणाचे, कोठून आले, घरात कोणी सांगितले, एवढे एका कागदावर लिहून त्याच्याजवळ ठेवा. सांगणारी माणसे अजून घरात आहेत, तोवर हे काम होण्यासारखे आहे.